महागडी क्राफ्ट बिअर घ्यावी की नाही? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दुकानात किंवा विमानतळावर बूच लावलेली, जाड काचेची एक बाटली दिसते. किंमत नेहमीच्या बिअरच्या आठ-दहा पट. घ्यावीशी वाटते, पण मन मागे खेचतं. पुण्या-मुंबईचे वाचक, गोव्याला जाणारे आणि युरोप-अमेरिकेत राहणारी आपली मंडळी अशा बाटल्यांबद्दल जे विचारतात, त्यांतले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उदाहरणं जास्त करून बेल्जियमची आहेत. तिथल्या कित्येक उत्तम बिअर आपल्या गावात अगदी परवडणाऱ्या असतात आणि तिथून बाहेर पडल्यावर महाग होतात. किंमत नेमकी कुठे वाढते हे त्यामुळे नीट कळतं.

बिअर मुळात एवढी महाग का असते?

चार कारणं असतात. पहिलं, कच्चा माल: कडक बिअरला जवळपास दुप्पट माल्ट (मोड आणून वाळवलेलं धान्य) लागतं, आणि हॉप्सच्या (कडवटपणा आणि सुगंध देणाऱ्या फुलांच्या) काही जाती खरोखरच महाग आहेत. दुसरं, वेळ: बिअर महिनोन्‌महिने किंवा वर्षानुवर्षं पिंपात पडून राहते, तोवर कारखान्याची जागा आणि पैसा अडकतो. तिसरं, प्रवास आणि कर. चौथं, टंचाई: मागणी मोठी, बाटल्या थोड्या.

पहिल्या दोन गोष्टी ग्लासात उतरतात, त्यांची चव लागते. शेवटच्या दोन फक्त बिलात दिसतात. कोणतीही महागडी बाटली हातात घेतली की मी हेच बघतो, की तिच्या किमतीतला किती भाग माल आणि वेळेचा आहे आणि किती भाग प्रवास आणि टंचाईचा. पहिला भाग मोठा असेल तर पैसे मोजायला माझी हरकत नसते.

भारतात परदेशी बिअर इतकी का चढते?

परदेशी बिअरवर आपल्याकडे वर्षानुवर्षं शंभर टक्क्यांहून अधिक आयातशुल्क लागत आलं आहे. दारू जीएसटीच्या बाहेर असल्यामुळे त्यावर प्रत्येक राज्याचं वेगळं उत्पादन शुल्क, वेगळा कर आणि लेबल नोंदणीचा खर्च चढतो. आयातदार आणि दुकानदाराचा नफा त्यानंतर येतो. ब्रुसेल्सच्या सुपरमार्केटमध्ये दोन-तीन युरोंना मिळणारी बाटली पुण्यात पोहोचेपर्यंत हॉटेलातल्या जेवणाएवढी महाग झालेली असते. तेवढ्याने ती वाईट ठरत नाही, पण किंमत बघून तिचा दर्जाही ठरवता येत नाही. मूळ देशात ती रोजच्या पिण्यातली असेल, तर इथेही तिच्याकडून रोजच्या बिअरइतकीच अपेक्षा ठेवा.

लॅम्बिक आणि ग्योझ या आंबट बेल्जियन बिअरचं एवढं कौतुक का? त्यांना पैसे मोजावेत का?

वेळेचे पैसे म्हणजे काय ते बघायचं असेल तर याहून चांगलं उदाहरण नाही, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

ब्रुसेल्स शहर आणि त्याच्या नैर्ऋत्येला झेन नदीच्या खोऱ्यातला पायोटनलँड हा लॅम्बिकचा मुलूख. इतर बिअरमध्ये कारागीर मोजूनमापून यीस्ट टाकतो. लॅम्बिकमध्ये तो काहीच टाकत नाही. उकळलेला गरम रस माळ्यावरच्या एका उथळ, पसरट तांब्याच्या टाकीत रात्रभर उघडा ठेवतात. थंड हवेतून आणि त्या जुन्या इमारतीतून जे यीस्ट आणि जिवाणू येतील ते रसात उतरतात. उन्हाळ्यात नको ते जिवाणू वाढतात, म्हणून हे काम साधारण ऑक्टोबर ते एप्रिल एवढंच चालतं. मालात किमान तीस टक्के गहू असतो आणि तोही माल्ट न केलेला. हॉप्स मुद्दाम जुने, दोन-तीन वर्षं ठेवलेले वापरतात. कडवटपणा गेलेला असतो, पण जिवाणूंना आवर घालण्याचा गुण थोडाफार टिकलेला असतो.

पुढे हा रस लाकडी पिंपांत एक, दोन, तीन वर्षं राहतो. ग्योझ म्हणजे वेगवेगळ्या वयाच्या लॅम्बिकचं मिश्रण. तीन वर्षांच्या लॅम्बिकमधून खोली येते आणि एक वर्षाच्या लॅम्बिकमध्ये थोडी साखर शिल्लक असते. तिच्यावर बाटलीत पुन्हा किण्वन होतं आणि फेस तयार होतो. मिश्रण करणारा माणूस पिंपापिंपाची चव घेऊन ठरवतो. प्रत्येक पिंप वेगळं वागतं आणि काही फेकूनही द्यावी लागतात.

एवढं सगळं होऊन बाटलीत अल्कोहोल असतं साधारण पाच ते सात टक्के. चव आंबट, कोरडी, लिंबाच्या सालीसारखी, थोडी ओल्या लाकडाची, थोडी गोठ्यातल्या गवताची. पहिल्या घोटाला पुष्कळ लोक तोंड वाकडं करतात. पण ज्यांना कोकमाचं सार मनापासून आवडतं, त्यांना ही चव लवकर जमते असा माझा अनुभव आहे.

तीन वर्षांच्या कामासाठी जास्त पैसे द्यायला मी नेहमी तयार असतो.

मग काँतियोंची बाटली दिसली की कितीही पैसे देऊन घ्यावी?

नाही. काँतियों ही ब्रुसेल्सच्या आंदरलेख्त भागातली, १९०० साली सुरू झालेली कौटुंबिक ब्रुअरी. तिथेच १९७८ पासून ग्योझचं संग्रहालयही आहे. बिअर अप्रतिम आहे आणि ब्रुअरीत बसून प्यायली तर वाजवी भावात मिळते. पण तीच बाटली अमेरिकेत किंवा लंडनच्या एखाद्या बारमध्ये कित्येक पट किमतीला मिळते. वरचे पैसे निव्वळ टंचाईचे असतात आणि त्यातलं बहुतेक ब्रुअरीच्या हाती पडतही नाही.

पारंपरिक ग्योझची ओळख करून घ्यायची असेल तर लेम्बेक गावच्या बून ब्रुअरीच्या ‘आउडे’ (म्हणजे जुन्या) ग्योझपासून सुरुवात करा. बेल्जियममध्ये ती साध्या सुपरमार्केटमध्ये मोजक्या युरोंत मिळते आणि पद्धत तीच, जुनी. ती आवडली, तर काँतियों किंवा द्री फाँटेनेन या दुसऱ्या नावाजलेल्या लॅम्बिकवाल्यांच्या बाटलीला थोडे जास्त पैसे जरूर द्या. ती आवडली नाही, तर महागडीही आवडणार नाही.

लेबलवर ‘आउडे’ हा शब्द असणं महत्त्वाचं आहे का?

ग्योझ किंवा क्रीक, म्हणजे चेरी घातलेली लॅम्बिक, घेताना हो. हा शब्द युरोपियन कायद्याने संरक्षित आहे. तो असेल तर बिअर पूर्णपणे लॅम्बिकपासून आणि बाटलीत पुन्हा आंबवून बनवलेली असते. तो नसेल तर गोडवा घातलेली, सरबतासारखी बिअर निघण्याची शक्यता मोठी. गोड फळांची बिअर आवडणं यात वाईट काही नाही, पण तिला तीन वर्षांच्या पिंपाचा भाव देऊ नये. काँतियोंसारखे काही जण हा शब्द न वापरताही जुन्याच पद्धतीने काम करतात. तिथे ब्रुअरीचं नाव पुरेसं आहे.

वेस्टव्लेटेरेन १२ ही ‘जगातली सर्वोत्तम बिअर’ म्हणतात. मित्र युरोपातून आणतोय, पण भाव भयंकर सांगतोय. घेऊ का?

बेल्जियममधल्या वेस्टव्लेटेरेनच्या सेंट सिक्स्टस मठातले साधू ही बिअर करतात. अल्कोहोल १०.२ टक्के, रंग गडद, बाटलीला वर्षानुवर्षं लेबलच नसे, सगळी माहिती झाकणावर. मठाचा खर्च भागेल तेवढीच करायची हे त्यांनी ठरवलेलं आहे, म्हणून ती दुर्मीळ. क्रेटसाठी आधी मठाकडे नोंदणी करावी लागते आणि पुढे विकू नका अशी त्यांची गिऱ्हाइकांना स्पष्ट विनंती असते. तिथे एका बाटलीला दोन युरोंच्या आसपास पडत असताना २०१८ मध्ये नेदरलँड्सच्या एका सुपरमार्केट साखळीने तीच बाटली जवळपास दहा युरोंना विकायला काढली, तेव्हा मठाने जाहीर नापसंती व्यक्त केली होती.

बिअर खरोखर सुंदर आहे. काळ्या मनुका, खजूर, भाजलेली साखर, आणि एवढी कडक असूनही हलकी वाटते. पण जास्तीची किंमत केवळ टंचाईची आहे, आणि तेवढे पैसे घेऊन विकणारा माणूस ज्यांनी बिअर केली त्यांच्या इच्छेविरुद्ध वागतो आहे. मी ती त्या भावाने घेणार नाही.

तुम्हाला एक पर्याय सुचवतो. जवळच्याच वाटू गावात सेंट बर्नार्डस ब्रुअरी आहे. १९४६ ते १९९२ या काळात मठाच्या परवानगीने याच ब्रुअरीत मठाच्या नावाची बिअर बनत होती. त्यांची ॲब्ट १२ आजही त्याच घराण्यातली आहे, दहा टक्क्यांची, आणि युरोपात सहज मिळते. दोन्ही शेजारी ठेवून प्यायल्यावर फरक कळतो, पण मागितलेल्या भावाइतका फरक मला कधीच जाणवला नाही. गडद ट्रॅपिस्टच (साधूंच्या मठात बनलेली बिअर) हवी असेल तर ११.३ टक्क्यांची रोशफोर १० घ्या.

‘ट्रॅपिस्ट’ लिहिलेलं असलं की बिअर चांगलीच असते?

बाटलीवर ट्रॅपिस्टचं षटकोनी चिन्ह असेल तर तीन गोष्टींची खात्री मिळते. बिअर मठाच्या आवारात बनते, साधूंच्या देखरेखीखाली बनते आणि नफा मठाच्या गरजा व समाजकार्य यांसाठी जातो. चवीची हमी ते चिन्ह देत नाही, तरी माझा अनुभव बहुतेक वेळा चांगला आहे. ‘ॲबी बिअर’ हे मात्र वेगळं. त्यावर मठाचं चित्र असतं, पण करणारी बहुधा मोठी कंपनी असते. तिच्यासाठी ट्रॅपिस्टचा भाव देऊ नका.

बर्बन या अमेरिकन व्हिस्कीच्या पिंपात मुरवलेल्या स्टाउटला, म्हणजे काळ्या बिअरला, एवढे पैसे का?

अमेरिकन कायद्यानुसार बर्बन नव्या, आतून जाळलेल्या ओकच्या पिंपातच मुरवावी लागते. एकदा वापरलेलं पिंप बर्बनवाल्याच्या कामाचं राहत नाही. ते बिअरवाले विकत घेतात आणि त्यात सहा महिने ते वर्षभर कडक, काळी स्टाउट ठेवतात. लाकडातून व्हॅनिला, नारळ, जळक्या साखरेची चव येते, काही बिअर उडून जाते, आणि एखादं पिंप बिघडतंही. शिकागोच्या गूस आयलंडची बर्बन काउंटी स्टाउट या प्रकाराची प्रसिद्ध सुरुवात मानली जाते. २०१५ च्या काही बॅचेस जिवाणूंमुळे आंबट झाल्या आणि कंपनीला गिऱ्हाइकांना पैसे परत द्यावे लागले. इतक्या अनुभवी लोकांच्या हातूनही असं होतं, तर जोखमीचे काही पैसे किमतीत असणारच.

तेव्हा वर्षभर पिंपात राहिलेल्या, तेरा-चौदा टक्क्यांच्या स्टाउटला जास्त पैसे मोजणं मला पटतं. पण लेबल नीट वाचा. ‘पिंपात मुरवलेली’ आणि ‘बर्बनच्या स्वादाची’ यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. कॉफी, व्हॅनिला, कोको, मार्शमेलो अशी लांबलचक यादी असेल तर मी सावध होतो. कॉफीचा आणि व्हॅनिलाचा गंध काही महिन्यांत उतरतो, आणि मग उरते ती नुसती गोड काळी बिअर.

आयपीएसाठी (इंडिया पेल एल, म्हणजे हॉप्सच्या सुगंधाची बिअर) कितीपर्यंत जावं?

जवळच बनलेली, या महिन्यातली असेल तर थोडं सढळ व्हा. परदेशातून आलेली असेल तर अजिबात नको.

आयपीएचा जीव हॉप्सच्या सुगंधात असतो: आंबा, संत्रं, पाइन, पॅशनफ्रूट. हा सुगंध सगळ्यांत आधी उडतो. धुरकट, गढूळ दिसणारी हेझी आयपीए तर आठवड्या-आठवड्याला बदलते. जहाज, बंदर, गोदाम, लेबल नोंदणी असा प्रवास करून ती दुकानात येईपर्यंत ब्रुअरीने जे दिलं होतं त्यातलं निम्मंही उरत नाही. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडहून मुंबई-कोलकात्याला पेल एल जहाजाने येत असे, ही गोष्ट खरी आहे. पण ती बिअर आधी पिंपात महिनोन्‌महिने मुरवलेली असे आणि तिची चव आजच्या ताज्या, फळांच्या वासाच्या आयपीएसारखी नव्हती. त्या इतिहासावरून आजची आयपीए प्रवासाला चालेल असं समजू नका.

आपल्याकडच्या उन्हाळ्याचा बाटलीवर किती परिणाम होतो?

फार. या पानावरचं एकच उत्तर लक्षात ठेवणार असाल तर हे ठेवा.

ब्रुअरीत काम करणारे एक ढोबळ नियम सांगतात: ३-३०-३००. बत्तीस अंशांना तीन दिवसांत बिअर जेवढी म्हातारी होते, तेवढी बावीस अंशांना तीस दिवसांत आणि तीन अंशांना तीनशे दिवसांत होते. आकडे काटेकोर नाहीत, पण दिशा अगदी बरोबर आहे. आता एप्रिल-मेमधलं पुणं, नागपूर किंवा छत्रपती संभाजीनगर डोळ्यांसमोर आणा. पत्र्याच्या छपराखालचं गोदाम, उन्हात उभा टेम्पो, दुकानात काउंटरच्या मागे सजवून ठेवलेली बाटली. तिथे दोन आठवडे काढलेली उत्तम बिअर ही चांगल्या फ्रिजमधल्या साध्या बिअरपुढे हरते.

बिअर ऑक्सिजनमुळे शिळी झाली की ओल्या पुठ्ठ्याचा वास येतो, चव सपाट होते आणि मागे एक चिकट गोडवा राहतो. उजेडाचा त्रास वेगळा. सूर्यप्रकाश किंवा दुकानातली ट्यूबलाइट हॉप्समधल्या घटकांवर पडली की गंधकाचं एक संयुग तयार होतं आणि रबर जळल्यासारखा कुजट वास येतो. तपकिरी काच बराच उजेड अडवते. हिरवी आणि पांढरी काच जवळपास अडवतच नाही. म्हणून हिरव्या बाटलीतली महाग बिअर शोकेसच्या दिव्याखाली दिसली तर ती कितीही नावाजलेली असो, सोडून द्या.

दुकानात उभं राहून काय काय बघायचं?

सगळ्यात आधी तारीख. आयात बाटलीवर मागे चिकटवलेल्या लेबलवर आयातदाराचं नाव, तारखा आणि एमआरपी असते. बाटलीत भरल्याची तारीख वेगळी लिहिलेली असेल तर उत्तम. ‘अमुक तारखेपर्यंत’ एवढंच असेल तर ती मुदत किती वर्षांची आहे यावर सगळं अवलंबून. ओर्व्हाल या बेल्जियन ट्रॅपिस्ट बिअरच्या बाटलीवर भरल्याची तारीख आणि त्यापुढची पाच वर्षांची मुदत दोन्ही असतात, हे फार चांगलं वाटतं.

मग दुकानदाराला सरळ विचारा: ही बाटली कधीपासून इथे आहे, फ्रिजमध्ये होती का, माल आला तेव्हा थंड गाडीतून आला का. चांगला दुकानदार या प्रश्नांनी खूश होतो, आणि जो चिडतो त्याच्याकडून महाग बाटली घेऊ नये. पातळी बघा: मानेत बिअर नेहमीपेक्षा खाली असेल तर बूच गळतंय. बुचाभोवती चिकट डाग असतील तर बाटली तापलेली असू शकते. तळाशी बसलेला गाळ मात्र काळजीचा नाही. बाटलीत किण्वन झालेल्या बिअरमध्ये यीस्ट खाली बसतंच.

मुदत जवळ आलेली महाग बाटली निम्म्या किमतीत मिळतेय. घेऊ?

ग्योझ, पिंपात मुरवलेली स्टाउट, गडद ट्रॅपिस्ट असेल आणि थंड जागी राहिली असेल तर खुशाल घ्या. आयपीए, पिल्सनर (फिकट, स्वच्छ चवीची बिअर), गव्हाची बिअर असेल तर फुकट मिळाली तरच.

ॲपवरचं रेटिंग किती मानावं?

थोडं. लोक कडक, गोड, दाट आणि दुर्मीळ बिअरला जास्त गुण देतात. बाटलीसाठी रांगेत उभे राहिलेले आणि भरपूर पैसे मोजलेले लोक तिला कमी गुण द्यायला कचरतात. दुसरीकडे जर्मनीची किंवा चेक प्रदेशातली निर्दोष पिल्सनर मधल्याच गुणांत अडकते. पिल्सनरमध्ये लपवायला काही नसतं, एखादी चूक लगेच जिभेला कळते, आणि म्हणूनच ती करणं अवघड आहे. मी रेटिंगपेक्षा अलीकडच्या टिप्पण्या वाचतो. तीन-चार जणांनी याच बॅचला पुठ्ठ्यासारखी चव आहे किंवा आंबट झाली आहे असं लिहिलं असेल तर ते उपयोगी पडतं.

अल्कोहोल जास्त म्हणजे पैसे वसूल, असं समजायचं का?

कृपया नको. आपल्याकडे ‘स्ट्राँग घे, लवकर चढते’ हा हिशेब खोलवर रुजलाय आणि महाग बाटलीला तोच लावला जातो. अल्कोहोल वाढवणं हे बिअरमधलं अवघड काम नाही. स्कॉटलंडच्या ब्रूडॉगने २०१० मध्ये बिअर गोठवून पाणी काढत काढत ५५ टक्क्यांपर्यंत नेली आणि बाटल्या मेलेल्या, पेंढा भरलेल्या खारींसारख्या प्राण्यांच्या आत घालून शेकडो पौंडांना विकल्या. बातम्या भरपूर झाल्या. त्यातली एकही गोष्ट बिअर पिण्याशी संबंधित नव्हती.

बोस्टनच्या सॅम्युएल ॲडम्सची युटोपियाज मला निराळी वाटते. अठ्ठावीस टक्क्यांच्या आसपास, फेस अजिबात नाही, वर्षानुवर्षं वेगवेगळ्या पिंपांत मुरलेली. तिला शेरी किंवा पोर्टसारखं छोट्या पेल्यात प्यायचं. ती बिअर म्हणून घेतलीत तर पश्चात्ताप होईल, जेवणानंतरचं गोड पेय म्हणून चार-पाच मित्रांत घेतलीत तर आठवणीत राहील.

एकट्याने एक बाटली संपवावी का?

हिशेब करून बघा. साडेसातशे मिलिची, ११ टक्क्यांची बाटली म्हणजे साडेब्याऐंशी मिलि शुद्ध अल्कोहोल. ३० मिलिच्या एका साध्या व्हिस्की पेगमध्ये तेरा मिलिपेक्षा थोडं कमी असतं. म्हणजे ती एक बाटली सहा पेगांहून अधिक झाली. चौघांत वाटली तर प्रत्येकाला एक चांगला ग्लास मिळतो, किंमतही चौघांत विभागली जाते आणि शेवटचा घोट पहिल्याइतकाच नीट चाखता येतो. महाग बाटली परवडणारी करण्याचा हाच सर्वांत चांगला मार्ग मला माहीत आहे. गाडी चालवणाऱ्याने मात्र घेऊ नये. शंभर मिलि रक्तात तीस मिलिग्रॅम ही आपली कायदेशीर मर्यादा अशा एका ग्लासानेही ओलांडली जाऊ शकते.

घेऊन ठेवली तर चव वाढते का?

मोजक्या प्रकारांची. ग्योझवर दहा-वीस वर्षं पुढची मुदत छापलेली असते आणि ती खरंच टिकते. ओर्व्हालमध्ये ब्रेटानोमायसिस हे जंगली यीस्ट असतं. ताजी असताना ती हॉप्सची आणि कडवट लागते, सहा-आठ महिन्यांनी कोरडी आणि लेदरसारख्या वासाची होते. दोन्ही अवस्था आपापल्या जागी सुंदर आहेत. शिमे मठाची निळ्या लेबलची बिअर, रोशफोर १०, कडक स्टाउट यांनाही दोन-तीन वर्षं मानवतात.

पण हे सगळं दहा-पंधरा अंशांच्या अंधाऱ्या तळघरासाठी आहे आणि आपल्या फ्लॅटमध्ये तळघर नसतं. कपाटात ठेवलेली बाटली एका मे महिन्यातच थकते. वाइन ठेवायचा छोटा फ्रिज असेल तर ठेवा, नाहीतर साध्या फ्रिजमध्ये उभी ठेवा आणि वर्षाच्या आत प्या.

परदेशातून किंवा गोव्यातून बाटल्या आणता येतात का?

परदेशातून येताना प्रत्येक प्रौढ प्रवाशाला दारू, वाइन किंवा बिअर मिळून दोन लिटर शुल्काशिवाय आणता येतात. म्हणजे साडेसातशे मिलिच्या दोन बाटल्या आणि एक छोटी. इतक्या कमी जागेत आयपीए भरू नका. ग्योझ आणि पिंपातली स्टाउट आणा, जी इथे सहसा मिळत नाही. भारतात एफएसएसएआयच्या (अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या) मानकांनुसार स्ट्राँग बिअर पाच ते आठ टक्क्यांची. त्यामुळे वर उल्लेख केलेल्या दहा-बारा टक्क्यांच्या बाटल्या बहुतेक कोणाच्या बॅगेतूनच येतील. बाटली मोज्यात घाला, मग प्लास्टिकच्या पिशवीत, मग कपड्यांच्या मधोमध, चेक-इन सामानात.

गोव्यात कर कमी असल्यामुळे भाव कमी आहेत, पण तिथून महाराष्ट्रात परवान्याशिवाय दारू आणणं गुन्हा आहे. गोव्यातली गोव्यातच प्या.

महाराष्ट्रात दारू बाळगायला आणि प्यायला परवाना लागतो, आणि सौम्य बिअरसाठी २१, कडक दारूसाठी २५ ही वयाची अट आहे. व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर कोणी दुर्मीळ बाटली विकत असेल तर ती विक्री बेकायदा आहे. शिवाय ती बाटली कुठे, किती उन्हात राहिली हे कोणालाच सांगता येत नाही.

एवढ्याच पैशांत आपल्याकडे दुसरं काय मिळेल?

पुष्कळ काही. पुण्यात २००९ मध्ये डुलाली सुरू झाली आणि तेव्हापासून शहरात टॅपवर ताजी बिअर मिळते. पुढे इंडिपेंडन्स, एफिंगट अशी नावं आली. एका महागड्या परदेशी आयपीएच्या पैशांत इथे एकाहून अधिक ताजे ग्लास येऊ शकतात आणि त्यातला एक तरी त्या प्रवास केलेल्या बाटलीपेक्षा चांगला निघतो. मायक्रोब्रुअरीत गेल्यावर आधी छोट्या ग्लासांचा टेस्टर सेट मागवा आणि सगळ्यात अलीकडे कोणती बिअर लावली ते विचारा. गव्हाची बिअर, आयपीए, पिल्सनर हे प्रकार ताजेच प्यावेत, आणि त्यांच्यासाठी मी आयात बाटलीकडे वळतच नाही. आयात बाटलीचे पैसे मी अशाच बिअरसाठी राखून ठेवतो ज्या इथे बनत नाहीत आणि ज्यांना वेळ मानवतो.

दादाच्या पन्नाशीला भेट द्यायची आहे. कोणती घेऊ?

त्याला काय आवडतं ते आधी बघा. तो कॉफी, डार्क चॉकलेट, जुनी रम आवडीने घेत असेल तर गडद ट्रॅपिस्ट किंवा पिंपातली स्टाउट. आंबट-कोरडं आवडत असेल तर ग्योझ. तो वर्षानुवर्षं एकच थंड लागर आनंदाने पीत आला असेल, तर दीड-दोन हजारांची आंबट बाटली देऊ नका. त्याच्याबरोबर मायक्रोब्रुअरीत एक संध्याकाळ घालवा.

कोणत्या तापमानाला आणि कशात प्यावी?

फ्रिजमधून काढून लगेच नको. ग्योझला दहा मिनिटं, गडद कडक बिअरला वीस-पंचवीस मिनिटं बाहेर ठेवा. बर्फगार बिअरचा वास येत नाही, आणि तुम्ही पैसे वासाचेच दिले आहेत. खास ग्लास नसेल तर वाइनचा ग्लास चालतो. गाळ खाली राहू द्या आणि बाटली सावकाश ओता.

उघडल्यावर खराब निघाली तर?

आधी ती खरंच खराब आहे का बघा. ग्योझ आंबटच असते, ओर्व्हालला गोठ्यासारखा वास येतोच. पण स्टाउट आंबट लागली, झाकण काढताच अर्धी बाटली फेसाळून बाहेर आली किंवा पुठ्ठ्याचा वास आला, तर ती बिघडली आहे. तिथेच थांबा, बाटली ओतून टाकू नका. झाकण किंवा बूच, लेबलचा फोटो, बॅच क्रमांक आणि बिल घेऊन दुकानात जा. चांगली दुकानं बदलून देतात. ब्रुअरीला ईमेल केला तर बहुतेक जण मनापासून उत्तर देतात, कारण बॅच बिघडली आहे का हे त्यांनाही कळायला हवं असतं. ईमेलमध्ये बाटली कुठून घेतली आणि ती किती दिवस कुठे ठेवली होती हे खरं खरं लिहा.